बरं वाटतंय म्हणायची चोरी

आमच्या रुग्णालयाचे विश्वस्त मुंबईहून तपासणीला आले, तेव्हा माझ्या विभागातल्या अठरा पेशंटांनी मिळून माझी नोकरी घालवायची शर्थ केली. तिथूनच सुरुवात करतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. मालवण तालुक्यातलं आहे एवढं पुरे. त्यापुढचं छापायला बायकोने मनाई केली आहे, कारण तिला गुडघे दाखवायला अजून तिथेच जावं लागतं.

तर विश्वस्तांनी प्रत्येक पेशंटला एक छापील कागद दिला. ‘उपचारांमुळे सुधारणा झाली का?’ खाली तीन चौकोन : खूप, थोडी, नाही. अठराच्या अठरा कागदांवर ‘नाही’वर खूण. त्यातला एक गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी चौघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलेला होता. त्याने आपला ‘नाही’चा कागद स्वतः जिना चढून वर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि नमस्कार करून तसाच जिना उतरून खाली आला.

साहेबांनी चष्म्यावरून बघत मला विचारलं, “तुम्ही इथे नक्की करता काय?”

तोवर मला हा प्रश्न कोणी इतक्या थेट विचारला नव्हता. बाहेर व्हरांड्यात येऊन मी पेशंटांवर उखडलो. “अरे, निदान ‘थोडी’वर तरी खूण करायची होती!”

“तुमका काय कळता, डॉक्टर?” जिना चढलेला गृहस्थ म्हणाला. “कागद मुंबैक जातलो. थंय तो कोण कोण वाचतलो. उद्या त्यांची दिष्ट लागली तर आमी ती खंय काढूक जातलंव?”

बाकीच्या सतरा माना हलल्या. आपण डॉक्टरचं आणि आपलं, दोघांचंही भलंच केलं, अशी त्यांची मनापासून समजूत होती. मला वाचवलं ते साहेबांच्या मानेने. ती प्रवासात आखडली होती. चार दिवस मी ती शेकली, ओढली, फिरवली. जाताना त्यांनी विभाग चालू ठेवायचा शेरा मारला. मान बरी झाली की नाही, ते मात्र त्यांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. मूळ गाव आमच्याच बाजूचं असणार.

माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा. लोक खुशीत असले की मला ‘व्यायामवालो डॉक्टर’ म्हणत, एरवी ‘मालिशवालो’. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा हात-पाय बिघडलेले नसतात, त्यांना हुकूम देणारी मेंदूतली वाट मोडलेली असते. वापर नसलेल्या पाणंदीवर झुडपं माजतात आणि पुन्हा माणसं ये-जा करू लागली की ती मोकळी होते, तसंच हे. एकच हालचाल शंभरदा, दोनशेदा, हजारदा करायची. औषधाची बाटली आमच्याकडे नसते. आमच्याकडे असतात स्पंजचे चेंडू, लाकडी खुंट्या, कोन मोजायची पट्टी आणि तोंड.

आता एखादी कंटाळवाणी गोष्ट माणूस हजारदा कशासाठी करील? काल बोट इतकं हललं, आज तांदळाच्या दाण्याएवढं जास्त हललं, याचा आनंद झाला तर करील. तेवढ्यावर आमचा सगळा धंदा चालतो. दुःख कसं सोसायचं हे कोकणी माणसाला शिकवायला जाऊ नये, त्यात तो पदवीधर आहे. पण आनंद झाला तर त्याचं काय करायचं, हे मात्र आमच्याकडे कोणाला माहीत नसतं. झाकून ठेवायचा, पायाखाली दाबायचा, नाहीतर झालाच नाही असं म्हणायचं. मी परीक्षा पास झाल्याचं सांगायला धावत घरी गेलो, तेव्हा वडील माड शिंपत होते. ते म्हणाले, “गप रव. शेजारी आयकतले.” शेजारी म्हणजे माझेच काका.

अशा घरात वाढूनही पुढे मी शहाणपणा केला. नव्या नोकरीत नवा उत्साह. पेशंटचं बोट हललं की मी टाळ्या वाजवायचो. धामापूरकडचे दत्तारामतात्या खांदा धरला म्हणून यायचे. खांदा धरणं म्हणजे सांधा गंज चढल्यासारखा घट्ट होतो, हात कानापर्यंत जात नाही, सदरा घालताना माणूस रडकुंडीला येतो. दीड महिन्याने एकदा तात्यांचा हात सरळ वर गेला. मी “शाब्बास तात्या!” म्हणून ओरडलो, दोन नर्स आणि शिपायाला बोलावलं, त्यांच्यासमोर तात्यांना पुन्हा हात वर करायला लावला, फोटो काढला आणि तो भिंतीवर लावायचं जाहीर केलं. तात्या कसनुसं हसले.

त्यानंतर तात्या गायब. तीन आठवड्यांनी त्यांच्याऐवजी बायको आली. हातात पदराखाली झाकलेली मिठाची पुडी.

“रागान बोलणंय नाय, डॉक्टर,” ती म्हणाली, “पण त्याच सांजेक ह्ये गोठ्यात घसारले. त्याच खांद्यार. दिष्ट तुमचीच लागली. तुमच्या पायाखालची माती व्हयी.”

ज्याची दृष्ट लागली त्याच्या पायाखालची माती मीठ-मिरचीत मिसळून ओवाळायची, ही रीत. पण रुग्णालयात फरशी. ती सकाळ-संध्याकाळ फिनेलने पुसलेली. माती आणायची कुठून? बाई हटेना. शेवटी मी बूट काढून उलटा केला आणि दोघांनी मिळून तळव्याच्या खाचेतली चिमूटभर माती खिळ्याने खरवडून काढली. तीन पेशंट उपचार सोडून बघत होते. मालिशवाल्याचा बूट उतरवला, ही बातमी बाजारापर्यंत गेली.

तात्या परत आले. खांदा पुन्हा पहिल्यापासून. भिंतीवरचा फोटो अर्थातच रद्द.

पुढे एका प्रशिक्षणात मी नवं खूळ शिकून आलो. पेशंटने रोज रात्री वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. कल्पना वाईट नव्हती, अजूनही वाईट नाही. मी वह्या वाटल्या. आठवड्याने तपासल्या. एका बाईंनी तीन दिवस ओळीने एकच गोष्ट लिहिली होती : सून माहेरी गेली. चौथ्या दिवशी पान कोरं. सून आली असावी. दुसऱ्या वहीत : ‘१. आज लाईट गेली नाही. २. उद्या जाईल. ३. जावेचा पाय माझ्याहून जास्त दुखतो.’ एका मास्तरांनी तर तीन चांगल्या गोष्टी लिहून त्या इतक्या नीट खोडल्या होत्या, की कागद उजेडात धरूनही वाचता येईना.

मला हसू आलं. सगळ्यांना सांगून सांगून हसलो. आज वाटतं, त्या खोडलेल्या ओळी मी वाचायला हव्या होत्या. म्हणजे मास्तरांना विचारायला हवं होतं, काय लिहिलं होतंत? मी विचारलं नाही. महिन्याभराने ते यायचे बंद झाले. वर्षाने एस.टी. स्टँडवर भेटले. डावा हात पोटाशी तसाच आखडलेला. “काय फरक पडत नव्हता हो,” ते म्हणाले. पडत होता. माझ्या रजिस्टरला कोन लिहिलेले आहेत, दर आठवड्याला वाढत गेलेले. पण ते रजिस्टरमध्ये. मास्तरांच्या घरात, वहीत, तोंडात ते कधी आलेच नाहीत, आणि जी गोष्ट झालीच नाही तिच्यासाठी माणूस दोन बस बदलून किती दिवस येणार?

हे सगळं ठाऊक असूनही शेवंतीकाकीच्या बाबतीत मी जो घोळ घातला, तो माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा. निवृत्तीच्या जरासा आधीचा.

शेवंतीकाकी देवबागची. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या वाळूवर तिचं घर आणि पर्यटकांसाठी चार खोल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मंगेश डोंबिवलीला. लोक खोल्यांसाठी येत नसत, काकीच्या घावण्यांसाठी येत. मे महिन्यात ऐन गर्दीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लवकर आला, हात लोंबकळत राहिला. मंगेश सरळ माणूस. त्याने मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, “सर, दसऱ्याला सिझन सुरू होतो. तोवर हात आला तर ठीक. नाहीतर खोल्या बंद करून आईला डोंबिवलीला नेतो. इथे एकटी कशी ठेवू?” त्यात चूक काही नव्हतं. पण डोंबिवली म्हटलं की काकी भिंतीकडे तोंड करून बसायची.

तिला रोज घेऊन यायची तिची शेजारी राहणारी जाऊ, मालूकाकी. शेवंतीकाकी जितकी गप्प, तितकी ही बोलकी.

घावन घालायला नुसतं हाताचं बळ पुरत नाही. पातळ पीठ तापल्या तव्यावर गोल फिरवत ओतायचं, तर मनगट उलटं फिरावं लागतं, तळवा आभाळाकडे. अर्धांगात हीच हालचाल सगळ्यात शेवटी परत येते. मी रोज विचारायचो, “काकी, काल घरी केलंत? काही फरक?”

“काय फरक नाय, डॉक्टर.”

मी हात धरून फिरवायचो, तो ओल्या फडक्यासारखा पडून असायचा. जून गेला, जुलै गेला, श्रावण लागला. पट्टीवरचा काटा हलेना. एकदा मालूकाकी पाणी आणायला गेली तेव्हा शेवंतीकाकीने आपण होऊन सांगितलं.

“माका कित्या झाला ठाव आसा? आदल्या दिवशी सांजेक आमी दोघी जावो ओट्यार बसलंव. चारव खोल्यो भरलेल्यो. पोरा-बाळा अंगणात खेळत होती. मी इतक्या हसलंय, इतक्या हसलंय, डोळ्यांत पाणी इला. आणि मिया म्हटलंय, मालू, माज्यासारखी सुखी मीच. सकाळी पीठ ढवळूक गेलंय नि हात गळालो.”

“काकी, तो रक्तदाब होता.”

“असात. पण मी सुखी आसंय ता त्याका कोणी सांगला?”

मी मान डोलावली, आणि एवढं ऐकूनही मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. मंगेशने फोनवर प्रगती विचारली तेव्हा मी मोठ्या शुद्ध मराठीत लिहून पाठवलं : ‘उजव्या हाताची सुधारणा थांबली आहे. स्वयंपाकाचे काम पूर्ववत होण्याची शक्यता कमी वाटते.’ ‘पूर्ववत’ शब्द लिहिताना मला बरंही वाटलं होतं. त्याचं उत्तर आलं : ‘धन्यवाद सर. मग दसऱ्यापर्यंत थांबत नाही. शनिवारी गाडी घेऊन येतो.’

हे सोमवारी. मंगळवारी मालूकाकी एकटीच माझ्या टेबलाशी आली. तिचा चेहरा लाल.

“मंगेशाक काय लिवलास तुमी?”

“जे आहे ते. हात हलत नाही.”

“हलणा नाय? शिरा पडली त्या तुमच्या पट्टीर! घराक येवन दार लावन घेता आणि आडाळो घेवन बसता. खोबरा खवता, खोबरा! मी खिडकेतसून बघलंय.”

आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. तिच्यावर नारळ खवायचा तर करवंटी धरून मनगट गरागरा फिरवावं लागतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

“मग माझ्यासमोर का नाही करत?”

“भियाता. हात हललो काय दुसऱ्या हातान त्याका दाबता आणि ‘गप रव, गप रव’ म्हणता. हाताक! आणि मगे दोन दिवस कायच करणा नाय. मगे परत एक दिवस करता.”

म्हणजे सगळं उघड होतं. मी ज्याला ‘सुधारणा थांबली’ म्हणत होतो, ती सुधारणा दाराआड चोरून होत होती, आणि आनंद झाला रे झाला की भीतीने स्वतःच स्वतःला दोन दिवस कोंडून घालत होती. मी धावत मंगेशला फोन लावला. आई खोबरं खवते, म्हटलं.

“सर, सोमवारी आईचा हात हलत नव्हता आणि मंगळवारी ती नारळ खवते? तिनेच सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?”

“नाही हो. मालूकाकीने खिडकीतून…”

“मालूकाकी!” तो हसला. हसू चांगलं नव्हतं. “मी आईला रोज विचारतो. रोज म्हणते काय फरक नाय. तिने स्वतः माझ्या तोंडावर सांगू दे, हात बरा आहे म्हणून. मी गाडी रिकामी परत नेतो.”

आता आली का पंचाईत! जगातली सगळी वाक्यं काकी बोलली असती, हे एक सोडून.

मी दत्तारामतात्यांना गाठलं. खांद्याचं पुन्हा काहीतरी काढून ते हल्ली बुधवारच्या गटात यायचे. बुधवारी सगळ्यांचा व्यायाम एकत्र घ्यायचो. तात्या गावात गाऱ्हाणं घालणारे. देवळात जत्रेला, घरात कार्याला, नवी होडी पाण्यात सोडताना देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, “तात्या, बरं झालं म्हणायला आपली माणसं इतकी का भितात?”

“तुमी लोकांसमोर म्हणूक लावतास. लोकांका सांगला तर ती बढाय. देवाक सांगला तर कोणाची दिष्ट लागतली? देवाची?”

“पण गाऱ्हाणं म्हणजे तर तक्रार ना?”

तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बूट काढतानासुद्धा मला तेवढं खजील वाटलं नव्हतं. “कधी नीट आयकलास गाऱ्हाणा? आदी देवान काय दिल्यान ता सांगूचा लागता. मगे फुडचा मागूचा. दिल्ला सांगल्याबिगर मागतलास कसा? निर्लज्जासारखा?”

पन्नास वर्षं मी गाऱ्हाणी ऐकत आलो होतो. माझं सगळं लक्ष शेवटच्या नारळाकडे.

बुधवारी व्हरांड्यात बारा-तेरा जण. चतुर्थी तोंडावर आली होती, हेच निमित्त. तात्या उभे राहिले, डोक्याला उपरणं बांधलं, बरा झालेला हात वर केला. आवाज असा लागला की बाह्यरुग्ण विभागातली माणसं वळून उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुजी लेकरा हंय जमली हत. हेंचे मोडके-तोडके हात-पाय तुया आजवर सांभाळलंस…”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या बाबल्याचो पाय चार पायऱ्यो चडाक लागलो, तो तुयाच चडयलंस…”

“व्हय म्हाराजा!” यात बाबल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. हाच तो ‘नाही’चा कागद जिन्याने वर नेणारा. म्हातारपणी गुडघ्यासाठी परत आला होता.

“ह्या चेडवाची मान सरळ झाली, ती तुयाच सरळ केलंस…”

“व्हय म्हाराजा!”

मी थक्क होऊन बघत होतो. जे मला वीस वर्षांत एका कागदावर मिळालं नव्हतं, ते व्हरांड्यात धो धो बाहेर पडत होतं. कोणी स्वतःहून मधेच सांगत होतं, “तात्यानू, माजा कंबरेचा पण घाला!” आणि तात्या घालत होते.

“आणि ह्या देवबागच्या माऊलेचो उजवो हात तुया उचललंस, आडाळ्यार नेलंस, आपल्या घराचा खोबरा तिच्याकडसून खवन घेतलंस…”

‘व्हय’ म्हणायला कोणी तोंड उघडलं नाही. सगळे शेवंतीकाकीकडे बघत होते. मालूकाकी खांबामागे लपली होती. आणि मी काकीच्या तोंडाकडे बघता बघता खाली पाहिलं, तर गाऱ्हाण्याच्या रीतीने सगळ्यांसारखे तिचेही हात जोडलेले होते. दोन्ही. उजवा हात आपण होऊन छातीपर्यंत आला होता आणि डाव्याला नीट टेकला होता. कधी आला, तिलाही कळलं नसावं. माझी नजर कुठे आहे हे पाहून तिने खाली बघितलं. मला वाटलं, आता दाबते त्याला.

तिने हात तसेच ठेवले. डोळे मिटले. “व्हय म्हाराजा,” ती म्हणाली. अगदी हळू, पण म्हणाली.

मग जो ‘व्हय म्हाराजा’ झाला, त्याने औषधाच्या खिडकीतला माणूस बाटली सोडून बाहेर आला.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शाब्बास म्हटलं नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढी अक्कल आली होती. नंतर पट्टी घेऊन तिच्याजवळ बसलो. तिने न सांगता तळवा आभाळाकडे फिरवला. पूर्ण नाही, पण पाऊण.

“देवाला सांगितलंत, काकी. आता मंगेशला?”

“त्याका नको. तो माजो झील. त्याका सांगलंय तर माजीच दिष्ट माका लागतली.”

शनिवारी मी सकाळीच देवबागला गेलो. चूक माझी, तेव्हा गाडीच्या आडवं पडायचं तर मीच. अंगणात मंगेशची गाडी, डिकी उघडी, पडवीत एक बॅग भरून ठेवलेली. मंगेशने मला बघून मोबाइल पुढे केला. ‘पूर्ववत होण्याची शक्यता कमी’. खाली माझं नाव.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो. आणि ते चूक आहे. मी मूर्ख आहे.”

“हे दुसरं वाक्य लिहून द्याल का?” तो म्हणाला. जरा सैलावला होता, पण जराच.

आतून चर्रर्र आवाज आला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काकी चुलीसमोर पाटावर बसली होती. उजव्या हातात पिठाची वाटी. पहिलं घावन तव्याला चिकटलं, फाटलं. मंगेशने श्वास सोडला. दुसरं वेडंवाकडं झालं, गोव्याच्या नकाशासारखं. तिसऱ्याला तिने वाटी उचलली, ओठ घट्ट मिटले आणि मनगट फिरवलं. पीठ तव्यावर गोल गोल पसरत गेलं, जाळी पडली.

“आये,” मंगेश दारातूनच म्हणाला, “हात बरो झालो तुजो?”

काकी तव्याकडे बघत राहिली.

“सांग मगे. मी रोज विचारतंय, तू रोज नाय म्हणतंस.”

“झिला, भियातंय मी. बरो म्हटलंय तर जातलो.”

“आणि नाय म्हटलंस तर तू जातलंस,” मंगेश म्हणाला. “डोंबिवलीक. बॅग भरलेली आसा.”

चुलीपाशी बसलेल्या मालूकाकीने पदर तोंडात कोंबला. नेमका तेव्हाच ओट्यावर काकीचा फोन वाजला. मंगेशने उचलला, ऐकलं, फोन हाताने झाकून म्हणाला, “पुण्याची माणसा. दर वर्षी येतत ती. दिवाळीक चारव खोल्यो व्हयेत. घावणे असतले काय, विचारतत. काय सांगू?”

दिवाळी दोन महिन्यांवर. काकीने आमच्याकडे पाहिलं, मालूकडे पाहिलं, तव्यावरच्या घावण्याकडे पाहिलं. मग तिने डाव्या हातातलं फडकं खाली ठेवलं आणि मुलाकडून फोन उजव्या हातात घेतला. तो कानापर्यंत न्यायला वेळ लागला. पलीकडचे पुणेकर ‘हॅलो हॅलो’ करत होते. कोणी मदतीला पुढे झालं नाही.

“येवा,” ती म्हणाली. “घावणे गावतले. माजो हात बरो आसा.”

फोन ठेवून ती तशीच बसली, काही पडतंय का, मोडतंय का, याची वाट बघत. काही पडलं नाही. मंगेश बाहेर गेला. डिकी बंद झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो आत आला नाही, आणि आला तेव्हा डोळे धुतलेले होते.

मग मला पाट मांडला. घावणे, खोबऱ्याचा गोड रस. मी सात खाल्ले. आयुष्यात इतके चांगले घावणे मी खाल्ले नव्हते, नंतरही नाहीत. काकी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून हसली. डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू.

“कशे झाले, डॉक्टर?”

आणि आनंद कसा बोलून दाखवावा यावर वीस वर्षं दुसऱ्यांना व्याख्यानं झोडलेला मी, तोंडातला घास गिळून म्हणालो, “बरे आहेत. मीठ जरा कमी.”

तिने गरम कालथा उचलला आणि माझ्या मनगटावर सटकन मारला. उजव्या हाताने. मी ओरडलो, पण सवयीने कोन बघितला. तळवा पूर्ण फिरला होता.